उधाणाची गोधडी

आत्या गेल्याचा निरोप कारखान्याच्या गेटवरच्या फोनवर आला. मी बोईसरला, ती सालवडला मुलाच्या खोलीत. सायकलवर दहा मिनिटांचं अंतर, तरी शेवटचा महिनाभर मी तिकडे फिरकलो नव्हतो. सवड नाही, असं सांगत होतो. खरं म्हणजे मला तिच्यासमोर बसवत नसे... गेली कित्येक वर्षं.

तारापूरच्या अलीकडे किनाऱ्यावर तिचं घर होतं, पुढे बोंबील वाळवायचं अंगण आणि त्यापुढे सुरूची झाडं. हे सगळं तिने एका गोधडीवर शिवलं होतं. घर म्हणजे तिच्या लग्नातल्या लुगड्याचा लाल तुकडा, झाडं हिरव्या दोऱ्याची. दर पावसाळ्यातलं सर्वांत मोठं उधाण ओसरलं की ती ओल्या वाळूपासून उंबऱ्यापर्यंत पावलं मोजायची आणि पावलाला एक बोट धरून गोधडीवर निळा धावदोरा घालायची. वर्षाला एक ओळ. ओळी लाल तुकड्याकडे सरकत होत्या. झाड वाहून गेलं तरी ती त्याचे टाके उसवत नसे. निळी ओळ त्याच्यावरून जाई. पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय, असं हल्ली पेपरात छापून येतं. आत्याला अक्षरओळखही नव्हती.

गावाने बंधाऱ्यासाठी अर्ज केला, तो मी लिहिला. शिकलेला म्हणून पालघरच्या कचेरीत मलाच पाठवलं. निघताना आत्याने गोधडी बोचक्यात बांधून दिली. "कागद कोन वाचतंय? ही दाखव सायबाला. दर्या कुठवर आलाय त्ये दिसंल."

साहेब भला माणूस होता. त्याने स्वतःहून विचारलं, "मागच्या काही वर्षांचं मोजमाप आहे का तुमच्याकडे?" बोचकं माझ्या पायाशी होतं. त्याला बोंबलाचा वास येत होता आणि मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हणालो, "नाही साहेब."

घरी येऊन सांगितलं, "आत्या, दाखवली. छान म्हणाले." बंधारा झाला नाही. अंगण गेलं, ओटा गेला, मग घर. तरी कुणी विषय काढला की ती माझ्यादेखत म्हणायची, "माझ्या भाच्यानं दाखवली हाय सायबाला." बिचारीला खरं वाटतंय, असं मी समजत होतो.

बाराव्याला वहिनीने, तिच्या सुनेने, माळ्यावरून ते बोचकं काढून माझ्या हातात दिलं. "तुमी आनून दिली, तवापास्नं सोडली नाय तिनं."

"का?"

"तिनं मारलेली गाठ तशीच व्हती, भावजी. जाळ्याची गाठ. तुमी सोडली असती, तर तुमाला परत मारता आली असती काय?"

मला जाळ्याची गाठ येत नाही. कोळ्याच्या घरात जन्मून मी ती कधी शिकलो नाही.

"मग सगळ्यांना तसं का सांगायची?"

"लोक तुमच्या म्होरं इचारायचं. काय सांगनार व्हती?"

बोचकं आता माझ्या घरी आहे. दोन आठवडे रोज बसतो, नखं दुखतात, गाठ सुटत नाही. वहिनी क्षणात सोडून देईल, पण तिला सांगायला तोंड नाही, आणि कात्री लावायचा धीर होत नाही.