आधी भाकर, मग तार

माणिकराव मास्तर तार वाचून दाखवण्याआधी माणसाला भाकर खायला लावायचे. चौसाळ्यात इंग्रजी येणारे ते एकटेच. अंबाजोगाईच्या छावणीत कारकुनी करताना शिकलेले. बीडहून शिपाई तार घेऊन आला की बायका आधीच गळा काढायच्या. मास्तर कागद मनातल्या मनात वाचून मांडीखाली दाबायचे. "आदी भाकर खा माय. तार कुटं पळून जाती?" नातू झाल्याच्या तारेलाही भाकर, माणूस गेल्याच्या तारेलाही भाकर. चेहऱ्यावरून काही कळू द्यायचे नाहीत.

मी शाळेत त्यांच्या हाताखाली मास्तर. माझं इंग्रजी म्हणजे उसनं धोतर, कधी सुटेल नेम नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "रेस्ट म्हंजी काय बे?"

"विसावा," मी ऐटीत.

"आन?"

मी आढ्याकडे पाहिलं.

"आन मागं उरलेलं! दोन येगळ्या गावचे शब्द, एका अंगरख्यात आलेत. विसावावाला विलायतेचाच. त्येच्या भाऊबंद भाषांत त्येचा अर्थ मजल, एवढं चालून टेकायचं. उरलेलावाला लॅटिनचा, फ्रान्सावरून आला. मागं उभा ऱ्हायलेला. तोंड सारखं दिसलं म्हणून एकच मानू नगंस."

पुढं हैदराबादेत प्लेग पसरला. मास्तरांचा एकुलता एक वसंता तिथंच शिकायला होता. शिपायाची पगडी वेशीत दिसली की गावातली दारं आतून लागायची. माझं कुणी हैदराबादेत नव्हतं, तरी मीही कडी लावून बसायचो. मास्तर तेवढे शाळेच्या ओट्यावर बसून राहायचे. हातातल्या खडूचा मात्र चुरा झालेला असायचा.

एका दुपारी मी मास्तरांशेजारी बसलेलो असतानाच शिपाई त्या ओट्यापाशी येऊन थांबला. मास्तरांनी तार उलटीपालटी केली, उघडली नाही. माझ्या हातात दिली. "तू वाच बे. आज डोळ्यांनी दिसंना."

चारच शब्द होते. एकही अवघड नव्हता. चेहरा सांभाळायची विद्या मी शिकलो नव्हतो, म्हणून मान खाली घातली. कागद मांडीखाली दाबला. "मास्तर, आधी भाकर."

त्यांनी माझ्याकडं मुद्दाम पाहिलं नाही. फडकं सोडलं, भाकर मोडली, सावकाश चावू लागले. ही भाकर संपूच नये, असं मला वाटत होतं. तीन चतकोर संपले.

"आता वाच."

वसंता गेला होता. मी वाचलं, आणि जन्मात पहिल्यांदा कुठंच अडखळलो नाही.

फडक्यावरचे कण वेचत मास्तर म्हणाले, "रेस्टचे अर्थ सांग."

"विसावा," मी म्हणालो. 'मागं उरलेलं' म्हणायच्या जागी तारेची घडी घालत बसलो.

मास्तरांनी राहिलेला चतकोर माझ्यापुढं सरकवला. "खा बे. तूबी सकाळपास्नं उपाशी हायस."