सहा आलेख, एक पान

ड्रेस्डेनला पीएचडी करत होते तेव्हा माझ्या टेबलावर कात्री आणि गोंदाची कांडी कायम असायची. सिलिकॉनच्या चकत्या वेगवेगळ्या तापमानाला तापवायच्या आणि त्यांचा विजेला होणारा रोध काळाप्रमाणे कसा बदलतो ते मोजायचं, हे माझं काम. प्रत्येक चकतीचा एक आलेख. सगळे एका पानावर हवे असले की मी प्रिंट काढायची, कापायची आणि शाळेतल्या तक्त्यासारखे चिकटवून झेरॉक्स मारायची.

एकदा माझ्या खोलीतल्या जर्मन सहकारिणीने ते पाहिलं. हसून हसून ती खुर्चीतून पडायचीच बाकी होती.

"अगं, हे कोडने होतं! पानावर दोन ओळी, तीन रकाने आख, आणि एकेका घरात आलेख सोड."

तिने दोन-चार ओळी लिहून दाखवल्या. माझ्या पहिल्या प्रयत्नात एकाचं शीर्षक दुसऱ्याच्या आकड्यांवर जाऊन बसलं, तिसरा आलेख पानाबाहेर निम्मा लोंबकळत होता. समास वाढवत, अक्षरं लहान करत संध्याकाळपर्यंत जमलं एकदाचं. सहा घरं, सहा चढत्या रेषा. इतकं देखणं पान मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ऐटीत माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवलं.

"आल्झो, म्हणजे कात्री सुटली तर!" सर म्हणाले. मग चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "सगळे सारखेच दिसतात."

"तोच तर निष्कर्ष आहे, सर. तापमानाने काही फरक पडत नाही."

"असं? मग डावीकडचे आकडे वाचा बरं."

मी वाचले. पहिल्याची मोजपट्टी दहापर्यंत, चौथ्याची थेट हजारपर्यंत! प्रोग्रामने ज्याला त्याला सोयीची पट्टी दिली होती, त्यामुळे प्रत्येक रेषा आपापलं घर भरून टाकत होती. सुटं सुटं चिकटवताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"सगळ्यांना एकच पट्टी द्या," सर म्हणाले.

खोलीत येऊन तेवढं बदललं. पाच रेषा तळाशी आडव्या झोपल्या, आणि चौथी सरळ वर गेली. लिहून ठेवलेलं अख्खं प्रकरण बाद.

मागून सहकारिणी ओरडली, "गेनाऊ! अगदी बरोबर! हा बघ तुझा प्रबंध!"

"माझा निष्कर्ष बुडाला, आणि तू खूश काय होतेस?"

"चौथी चकती परत माप, मग बोल."

मापली. पुन्हा वरच गेली. नवी चकती त्याच तापमानाला तापवली, तीही गेली. तसं का होतं हे शोधण्यातच माझी पुढची वर्षं गेली, आणि खरंच, प्रबंध त्यावरच झाला.

एकाच पट्टीचं ते पान मोठं छापून मी म्युनिकच्या परिषदेला घेऊन गेले. लोक लांबूनच थबकायचे, जवळ येऊन विचारायचे, "या चौथ्याला झालंय काय?" मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी दिवसभर तेच सांगत होते. संध्याकाळी घसा पार बसला होता, तरी माझा पाय काही तिथून निघत नव्हता.