एक पान मोठ्यानं

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या एक बाई बसतात. चष्मा कायम कपाळावर, आणि समोरचा काही सांगत असला की "हं, पुढं?" चालूच. पुस्तक नेण्याआधी त्यातलं एक पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम. "रुचलं तर न्या. नाहीतर कपाटात सुखी आहे ते," म्हणतात.

मी सातवीत शाळा सोडलेला, गडचिरोलीकडचा. नाशकात मला आपुलकीनं 'अरे' म्हणणाऱ्या त्या एकट्याच. पण मी अक्षरं जोडत वाचतो, त्यामुळे पान वाचायचं म्हटलं की घाम फुटतो.

त्या रविवारी माझ्या हातात दोन पुस्तकं होती. एक सिनेमाच्या इतिहासाचं, दुसरं आफ्रिकेतल्या नाटकांचं. मिळणार एकच. सिनेमाचं सोपं दिसत होतं. पण दुसऱ्यातल्या चित्रात गावकरी उघड्यावर गोल बसले होते आणि मधे नाटक चाललं होतं, अगदी आमच्या गावाकडच्या दंडारीच्या खेळासारखं. मी तेच उघडलं आणि अडखळत वाचू लागलो.

मागून एक काका म्हणाले, "अहो बाई, याचं होईस्तोवर संध्याकाळ होईल!"

मी पुस्तक मिटलं. निघूनच जाणार होतो.

"उघड रे," बाई म्हणाल्या. "हं, पुढं?"

पुढं नाटकातला राजा मेल्याचं सोंग घेतो आणि कोण रडतंय ते बघत पडून राहतो. तिथं पान संपलं.

"मग? कोण रडलं?" काका.

बाईंनी पुस्तकाची नोंद केली आणि ते माझ्या हातात दिलं. "याचं वाचून झालं की तुम्हाला मिळेल. आणि याला घाई करायची नाही."