काळा कोट, काळा दोरा

माझ्या धाकट्या जावेचं सगळंच वरचढ. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती. रफू मी शिकवलं. आज आम्हाला रफूचं काम देणारा दुकानदार भारी कोट तिच्या हातात देतो आणि जाडीभरडी ब्लँकेटं माझ्या. पोटात दुखणार नाही तर काय!

काचबिंदूही दोघींना एकाच वर्षी निघाला. मी थेंब घालत राहिले, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे. ही मात्र बेधडक करून आली. तेव्हापासून एकच पुराण.

"ताई, डोळ्यातला दाब उतरला ना, तसं मागच्या नसेला रक्त जास्त पोचायला लागलं. डॉक्टरांनी फोटोच दाखवले. आधी विरळ होतं, आता बघा कसं भरलंय!"

घ्या! रक्तसुद्धा हिच्याचकडे धावतं.

शेवटी एकदा हिला तोंडघशी पाडायचंच ठरवलं. दुकानात कसरीने खाल्लेला काळा कोट आला होता. काळ्यावर काळा दोरा म्हणजे रफूवालीची खरी परीक्षा. म्हटलं, "कर बाई, तुझी नजर आता नवीकोरी."

तिने कोट खिडकीशी धरला, बराच वेळ चाचपला आणि परत दिला. "नाही जमायचं, ताई. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी, एवढ्यासाठीच तर ऑपरेशन."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुकानदारादेखत कोट ओढून घेतला आणि एकेक भोक असं बुजवलं की कापडालाही कळू नये. संध्याकाळी कोट त्याच्यापुढे टाकला. "बघा, याला म्हणतात नजर!"

त्याने कोट उलगडला आणि धाकटीपुढे सरकवला. धाकटीने माझं बोट धरून कापडावर डावीकडे नेलं. एक भोक. शेजारी दुसरं. पुढे तिसरं. दिवसभर मला तिथे अख्खं कापड दिसत होतं. हात दाखवून अवलक्षण!

मेली हसली असती तरी बरं, भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "माझंही असंच झालं होतं, ताई. मलाही कळलं नव्हतं."

"तुझे ते डॉक्टर कधी असतात?"

"उद्या असतात. मी येते बरोबर."

"ये. पण सांगून ठेवते, माझा फोटो तुझ्यापेक्षा भरलेला आला पाहिजे. नाहीतर मी घरी यायची नाही."