नाव नको, काय झालं ते सांगा

मॅडम गेल्याचं वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. झोपेतच हार्ट अटॅक. खाली भराभर ‘ओम शांती’ येत राहिलं. नायगावच्या चाळीतल्या बौद्ध घरात वाढलेल्या बाईसाठी हे कुणी म्हणत नाही, एवढंही त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांना सुचलं नाही. मी काहीच लिहिलं नाही. एरवीही मी ग्रुपवर बोलत नाही.

परळच्या एका हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या विभागात, मी शिकाऊ डॉक्टर म्हणून त्यांच्या हाताखाली होते. माझं अडखळतं मराठी ऐकून त्या म्हणायच्या, “तू आधी मनात ट्रान्सलेट करतेस ना? तोवर पेशंट घरी जाईल.” आमच्याकडे बाळ गेलं की आईला सांगायचं, आम्ही खूप प्रयत्न केले, आणि बाळाला ऊब देणारा वॉर्मर पुसून त्यावर पुढचं बाळ ठेवायचं. मॅडमना प्रत्येक मृत्यूवर सगळ्यांनी बसून बोलायला हवं होतं. त्याला परवानगी मिळता मिळेना. कधी खोली रिकामी नव्हती, कधी ‘बाहेर कळलं तर कोर्टात जातील’ अशी भीती होती. अखेर खोली मिळाली तेव्हा त्यांनी स्वतः खुर्च्या ओढून गोल केला आणि एकच नियम सांगितला. “काय झालं ते सांगा. कुणामुळे, ते नको. या खोलीत कुणाचं नाव घ्यायचं नाही.”

पहिल्यांदा लेबर रूमच्या सावंत सिस्टर बोलल्या. बाळ जन्मल्यावर नीट रडलं नव्हतं. त्याला ऑक्सिजन लावून वर आमच्याकडे आणायचं होतं, पण दुपारच्या जेवणाची ट्रॉली मजल्यामजल्यावर ताटं उतरवत होती आणि लिफ्ट तिच्यापाशीच अडकली होती. बाळ खालीच ताटकळलं, गार पडत गेलं. ऐकताना मॅडम पुढे सरकून बसल्या. हे सुधारता येण्यासारखं होतं. आधी बाळ, मग ट्रॉली, एवढंच. तेवढ्यात विभागप्रमुख म्हणाले, “त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं?”

सिस्टरना मेमो मिळाला, पाठोपाठ बदली. मॅडम वरपर्यंत जाऊन भांडल्या, उपयोग झाला नाही. जाताना सिस्टर त्यांना एवढंच म्हणाल्या, “तुमच्या शब्दावर बोलले होते, मॅडम.” पुढच्या बैठकीला सगळे आले, समोसे खाल्ले, आणि गेलेलं प्रत्येक बाळ ‘वजन कमी होतं’ म्हणूनच गेलेलं निघालं. मग बैठका थांबल्या. लिफ्टचा नियम तर झालाच नाही.

त्यानंतर जेवणाच्या वेळी मॅडम रोज लिफ्टपाशी येऊन उभ्या राहू लागल्या. लेबर रूममधून बाळ निघालं की लिफ्टच्या दारात पाय घालायच्या आणि ट्रॉली बाहेर काढायला लावायच्या. डॉक्टर मंडळी त्यांना ‘लिफ्टवाल्या मॅडम’ म्हणून हसायची. लेखी आदेश कधी निघणार, असं मी एकदा विचारलं होतं. “माझा पाय फुकट मिळतोय,” त्या म्हणाल्या, “आदेश कशाला काढतील?”

शोकसभा त्याच खोलीत झाली. खुर्च्या रांगेत होत्या. मृत्यूंचा मोकळेपणाने आढावा घेण्याची परंपरा मॅडमनीच इथे रुजवली, असं विभागप्रमुख म्हणाले, तेव्हा पुष्कळ माना हलल्या. शेवटच्या रांगेत सावंत सिस्टर बसल्या होत्या. त्यांची हलली नाही.

मी बाहेर आले तर लिफ्टमध्ये ट्रॉली होती, डाळीचा वास सुटला होता, आणि समोर एक नवी सिस्टर कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन खालमानेने उभी होती. दार मिटायला लागलं. मी पाय आत घातला. “आधी बाळ,” मी म्हटलं, मनात ट्रान्सलेट न करता. ट्रॉलीवाला कुरकुरला, पण ट्रॉली बाहेर आली आणि बाळ वर गेलं. मागून विभागप्रमुख आले, ताटं का खोळंबली म्हणून चिडले. “आज लेबर रूमला ड्युटीवर कोण आहे?”

काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी पुन्हा नाव विचारलं... मी लिफ्टच्या दारापाशीच उभी राहिले.