इलुश्कामावशीची जमीन

चेंडू निसटू नये म्हणून हँडबॉलचे खेळाडू हातांना राळ फासतात. हंगेरीतल्या त्या गावच्या हॉलच्या जमिनीवर सांडलेली ती राळ इलुश्कामावशी सव्वीस वर्षं खरवडत होती. कोण कुठं किती पळालं, हे तिला डागांवरून कळायचं. युरोपियन कपाच्या प्रत्येक फेरीनंतर प्रशिक्षक गेर्गे तिला विचारायला यायचा. उपांत्य फेरीत संघ एका गोलानं बाहेर पडला, तेव्हाही आला.

"मावशी, कोण कमी पडलं?"

"पोरं नाहीत. कोपरान्‌कोपरा चिकट आहे." तिनं खरवडणं थांबवलं नाही. "वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलापुढं मात्र तुझ्या बुटाचा एक डाग नाही. खेळ थांबवायला टाइम-आऊटचं कार्ड तिथं ठेवायचं सोडून त्याचं काय लोणचं घालणार होतास?"