मामांचा बर्फातला बिशप

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका निष्ठावंत आणि त्यांच्याइतका गोंधळलेला भक्त साऱ्या म्हैसुरात दुसरा सापडायचा नाही. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाचं, गळ्यात तुळशीची माळ, आणि भिंतीवर विठ्ठलाच्या तसबिरीला खांदा लावून आइसलँडमधल्या आठशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपचं चित्र. डोक्यावर उंच टोपी, हातात वाकड्या मुठीची काठी. नवी गिऱ्हाइकं त्याला कुठल्यातरी मठाचे स्वामी समजून हात जोडतात. मामा कुणाची समजूत दुरुस्त करत नाहीत, कारण त्यासाठी बोलावं लागतं, आणि मामा लहानपणापासून अडखळत बोलतात.

हे चित्र दिलं योग शिकायला आलेल्या त्या देशातल्या एका बाईंनी. त्या पायजमे शिवून घ्यायला आल्या होत्या आणि दुभाष्या म्हणून मी बसलो होतो. मामा माप सांगताना ‘छत्तीस’वर अडकले, तेव्हा त्या शांतपणे थांबून राहिल्या. पायजमे न्यायला आल्या तेव्हा चित्र पुढे करून म्हणाल्या, “आमच्या या संत झालेल्या बिशपलाही बोलणं फार जड जायचं.”

“आणि ब-बिशप कसा झाला?” मामांनी मला विचारलं. मी बाईंना विचारलं. त्या नुसत्या हसल्या. मामांनी लगेच खिळा ठोकला.

संताच्या नावात सुरुवातीलाच ‘थ’ असल्यामुळे मामांनी ते कधी उच्चारलंच नाही. ते त्याला ‘अप्पा’ म्हणतात. त्याच्या देशात हरवलेल्या वस्तूंसाठी, आजारी गुरांसाठी, वादळात सापडलेल्या होड्यांसाठी लोक त्याला नवस बोलत, हे मी मोबाईलवर वाचून दाखवलं. मामांकडे ना गुरं, ना होडी; तेव्हा सगळा भार शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानावर आला. ते दिवसातून तीनदा हरवायचं, अप्पांना मेणबत्ती लागायची, आणि ते मामांच्याच बोटात सापडायचं. नाताळच्या दोन दिवस आधी अप्पांचा सण. त्या दिवशी तिकडे उग्र वासाची, आंबवलेली मासळी खातात, हे ऐकून माळकरी मामा आठवडाभर काळजीत होते. शेवटी त्यांनी हिंगाच्या लोणच्याचा नैवेद्य दाखवला. “व-वासाला वास,” म्हणाले. दुकानात दोन दिवस गिऱ्हाईक टिकलं नाही.

एकदा मी अप्पांच्या तरुणपणाची हकिकत वाचत होतो. नातेवाइकांच्या आग्रहावरून ते एका विधवेला मागणी घालायला गेले, रात्री तिथेच राहिले, आणि स्वप्नात कुणीतरी सांगितलं की तुझ्यासाठी दुसरीच वधू ठरली आहे. मागणी न घालताच ते परतले आणि जन्मभर चर्चचेच होऊन राहिले. मामांनी मशीन थांबवलं.

“म-म्हणजे जायचं की न-नाही जायचं?”

“कुणी?” मी विचारलं.

बऱ्याच वेळानं उलगडलं. शहराबाहेरच्या बेळगोळमधल्या एका कारखान्यात कँटीन सांभाळणाऱ्या, जुन्या मराठा शिपाई घराण्यातल्या एक विधवा बाई सहा वर्षं मामांकडे ब्लाऊज शिवायला टाकत होत्या. सत्तावन्न वर्षांचे ब्रह्मचारी मामा त्यांना मागणी घालायच्या बेतात होते, आणि नेमके अप्पाच आडवे आले होते. चार दिवस मामा जेवले नाहीत नीट. पाचव्या दिवशी तोडगा निघाला. “द-दुपारीच जाऊ. रात्र राहायचंच इल्ला. स-स्वप्न कुठनं पडतंय?”

मी स्कूटरवरून त्यांना घेऊन गेलो. बाईंनी कॉफी दिली. मामांनी सुरुवात केली, “त-त-तुमच्या…” आणि तिथेच रुतले. मी सवयीनं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

“तुम्ही थांबा हो. त्यांना म्हणू दे की.”

कॉफीवर साय धरली. आणि मामांचं वाक्य एकदाचं बाहेर आलं, “तुमच्या घरात माझं म-मशीन ठेवायला जागा असेल का?”

बाईंनी पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, “सरी, नोडोणा.”

म्हणजे ठीक आहे, बघू. फाटकाबाहेर येताच मामांनी विचारलं, “हे हो म्हणाल्या की न-नाही?” साताऱ्याहून इथे येऊन मला तीस वर्षं झाली, पण ‘नोडोणा’ मला अजून कळलेलं नाही. घरमालक म्हणाला तर नाही, भाजीवाली म्हणाली तर हो.

याला दोन वर्षं झाली. मामांनी पुन्हा विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. फक्त दर गुरुवारी कारखाना सुटल्यावर त्या दुकानात येतात आणि मामांच्या शेजारी बसून काजं-बटणं करतात. परवा मी गेलो, तर मामा त्यांना आपल्या आईविषयी काहीतरी सांगत होते आणि मधल्याच एका शब्दावर थांबले होते. बाई सुईत दोरा ओवत होत्या, त्यांना कसलीच घाई नव्हती. ते वाक्य संपेपर्यंत मी पायरीवर उभा राहिलो. मग मामांनी दुसरं सुरू केलं, तसा मी आत न जाताच घरी परतलो.